पाठ भामाच्या खोलीकडे

१९ जुलै, सकाळी ६.१०

नवी वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण नव्या कामाला नवी वही हवी.

आजोबांनी छडी घेऊन देवनागरी शिकवली ती आत्ता कामास येते आहे. तंजावूरच्या या घरात मराठी सगळ्यांना कळतं, वाचतो मी एकटा. भामाला, माझ्या बायकोला, ही अक्षरं येत नाहीत. चेन्नईची लेक शांभवी, तिला समजतं सगळं, उत्तर तमिळमध्ये. म्हणजे वही टेबलावर उघडी टाकली तरी चालेल. असा लॉकर बँकेतही मिळत नाही.

मुख्य बातमी. भामाला अकरा तारखेला पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढा. सगळं उत्तम झालं. मी अत्यंत धीराने निभावलं. (शांभवीचं म्हणणं, मी कॉरिडॉरमध्ये नोटीसबोर्डाचे चुंबक काढून बघत होतो. धीर यावा म्हणूनच ते.) डिस्चार्जच्या दिवशी डॉ. वासुकींनी काय करावं, काय करू नये हे सांगितलं तेव्हाही मी कॉरिडॉरमध्येच होतो. भामाने ऐकलंय, पुरे.

घरी आल्यावर कॉफी घेता घेता भामा म्हणाली, चुंबकापासून लांब राहायला सांगितलंय. एवढंच बोलली आणि कॉफीची वाटी, डबरा, धुवायला कोल्लैत, परसातल्या विहिरीपाशी गेली.

आता आमच्या घरात चुंबक किती आहेत हे तिला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. विचार करायला हवा.

२० जुलै

मोजणी केली. स्पीकरमधले गोल: ६३. जुन्या मोटारींतले वाकडे: २८. कॉलेजात लॅबमधून निवृत्त होताना मुलांनी भेट दिलेला नाल, लाल रंगाचा: १. बाकी किरकोळ, दोन बिस्किटांचे डबे भरून.

मी पस्तीस वर्षं फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्रोफेसरच म्हणा, फक्त पाटीवर लिहिलेलं नव्हतं. हे चुंबक म्हणजे माझं सगळं संशोधन. ते ज्या खोलीत आहेत ती पूर्वी बेडरूमचाच भाग होती. चौऱ्याण्णव साली मी मध्ये प्लायवुडचं पार्टिशन घातलं आणि अर्धी खोली घेतली. भामाच्या बाजूला खाट, कपाट आणि आरसा. आरामात मावतं. ती आडवी चालते तिथे, पण तिला सवय आहे.

काढून टाकायचे? छे. उपाय नक्की सापडेल.

२४ जुलै, दुपारी

सापडला!

शांभवीने पाठवलेल्या व्हिडिओत नव्हे, त्याच्या शेजारी आलेल्या दुसऱ्याच व्हिडिओत. साधा चुंबक दोन्हीकडे सारखाच ओढतो. पण चौकोनी तुकडे एका ओळीत असे लावायचे: पहिल्याचं उत्तर टोक वर, दुसऱ्याचं बाजूला, तिसऱ्याचं खाली, चौथ्याचं दुसऱ्या बाजूला, पाचव्याचं पुन्हा वर. प्रत्येक जण मागच्यापेक्षा पाव फेरा वळलेला. झालं. सगळी ताकद एका बाजूला गोळा होते. पाठीकडे जवळजवळ शून्य.

फ्रिजवरचा कॅलेंडरचा चपटा चुंबक उलटा लावून पाहिला. पडला. सुलटा लावला. चिकटला. पुन्हा उलटा. पडला. म्हणजे त्यातही हीच करामत. पस्तीस वर्षं मी लॅबमध्ये शिकवत होतो आणि हे इडलीच्या पिठावर लटकत होतं.

योजना: घरातली सगळी चुंबकशक्ती एका फळीवर. फळी पार्टिशनला ठोकायची. तोंड माझ्याकडे, पाठ भामाच्या खोलीकडे. तिच्या बाजूला शून्य. विज्ञानही राहिलं, बायकोही राहिली. ३१ तारखेपर्यंत काम संपवणे.

भामाला सांगितलं. ती केळफूल निवडत होती. म्हणाली, नाहीतर सगळं बाहेरही काढता येईल. मी म्हटलं, ते काय, कोणीही करेल. ती म्हणाली, होय की, कोणीही करेल. पटलं तिला.

३१ जुलै

काम सुरू झालेलं नाही. कारण माझ्याकडचे गोल आणि वाकडे यात बसत नाहीत, चौकोनी ठोकळे हवेत. जुन्यांचं नंतर बघू. चेन्नईहून मागवले, अर्ध्या इंचाचे, ४५ नग. कुरिअरवाला काल आला तेव्हा मी झोपलो होतो आणि भामाला जिना उतरायचा नव्हता. कोणाचा दोष नाही.

भामाने विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, चार. तिने मागच्या आठवड्यातही विचारलं होतं, तेव्हाही चारच म्हटलं होतं. उत्तर बदललेलं नाही, याला सातत्य म्हणतात.

३ ऑगस्ट

आज आडी पेरुक्कु, नदीच्या पुराचा सण. भामा सकाळीच तिरुवैयारुला गेली, धाकट्या बहिणीकडे. चंद्रमतीच्या घरामागेच कावेरीचा घाट. नदीला हळद-कुंकू वाहून, चिंचभात-दहीभात खाऊन बायका संध्याकाळी परततात, दरवर्षीचंच. मी बसस्टँडवर सोडणार होतो, पण कुरिअर आज नक्की येणार होता. शेजारच्या सेतुरामने सोडलं. तो बँकेतून निवृत्त आहे, त्याला काय काम.

कुरिअर आला नाही.

संध्याकाळी फोन. भामा म्हणाली, चुंबकाचं होईपर्यंत मी इथेच राहते, तुमचं सावकाश होऊ दे. किती समजूतदार बाई! बेचाळीस वर्षांत एकदा भांडली नाही. सेतुरामची बायको ताटं आपटते, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आमच्याकडे तसं काही नाही. आमचं सगळं कारण सांगून, रीतसर.

कपाट उघडलं. दोन साड्या नेते म्हणाली होती. रिकामे हँगर अकरा. माळ्यावरची श्रुतिपेटी, सूर धरायची ती पेटी, तीही दिसत नाही. ती चालत नव्हती बहुतेक, दुरुस्तीला नेली असेल.

आरशापुढे तिचा हेअरपिनांचा पत्र्याचा डबा तसाच आहे. म्हणजे लवकरच येणार.

५ ऑगस्ट

ठोकळे आले. दोन ठोकळे तीन इंचांवरून एकमेकांना जाऊन भिडले. मध्ये माझी करंगळी होती. नख काळं पडलं.

संकल्प: घाई करायची नाही.

९ ऑगस्ट

सगळे ठोकळे सारखेच चकचकीत, उत्तर कुठलं, दक्षिण कुठलं कळेना. जुना लॅबमधला कंपास काढला. पण या खोलीत त्याची सुई वेड्यासारखी फिरते, आजवर कधी एका जागी थांबलेली नाही. कोल्लैत नेऊन एकेक ठोकळा तपासला. खूण करायला रंग नव्हता. देवघरातलं कुंकू घेतलं, उत्तरेला. विभूती दक्षिणेला. ४५ ठोकळे पूजेला बसल्यासारखे दिसतात. भामाला हे आवडेल.

फोन केला. चंद्रमतीने उचलला. म्हणाली, अक्का क्लासमध्ये आहे. कसला क्लास विचारलं तर म्हणाली, भावोजी, तुम्हीच येऊन बघा. चंद्रमतीचा स्वर नेहमीच थोडा टोचरा असतो. गाण्याची शिक्षिका आहे म्हणून असेल.

१७ ऑगस्ट

तिरुवैयारुला जाऊन आलो. बसने पाऊण तास, सरळ उत्तरेला, वाटेत नद्याच नद्या. आकृत्या बरोबर नेल्या होत्या.

पुढच्या तिण्णैवर, ओट्यावरच, सात-आठ मुली मांडी घालून बसलेल्या आणि मध्ये भामा. हाताने ताल धरून गात होती. मुली तिच्यामागे म्हणत होत्या. मी चपला काढता काढता थांबलो.

भामा लग्नाआधी गात असे, हे मी विसरलोच होतो. नंतर मला रीडिंग घेताना शांतता लागायची. मी एकदाच म्हटलं असेल. मग तिने आपणहून थांबवलं.

आवाज स्वच्छ होता. वरच्या सुरालाही दम लागला नाही. पेसमेकर फारच चांगल्या कंपनीचा दिसतो.

क्लास संपल्यावर आकृत्या दाखवल्या. तिने नीट पाहिल्या. एक प्रश्नही विचारला: मग सगळी ताकद तुमच्या बाजूला आणि माझ्या बाजूला काहीच नाही, असं ना? मी म्हटलं, अगदी बरोबर, एका वाक्यात सांगितलंस! बीएस्सीच्या मुलांना तीन तास लागतात. ती हसली. चंद्रमती उठून आत गेली.

कॉफी झाली, भामाने बसपर्यंत पोचवलं. कधी येतेस विचारलं नाही. काम झाल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

२८ ऑगस्ट

गोंदाने पहिली ओळ चिकटवली. शेजारी शेजारी राहायलाच तयार नाहीत हे. एकाला दाबून धरावं तर दुसरा टुणकन वळतो आणि पाठ दाखवतो. नऊ ठोकळ्यांची एक ओळ, अशा पाच. आतापर्यंत पावणेदोन.

भिंतीवरचं घड्याळ थांबलं. चुंबकाचा संबंध नाही, सेल संपला. सेल भामा बदलत असे.

२९ ऑगस्ट

सेल बदलला. तरी बंदच. घड्याळ जुनं आहे.

४ सप्टेंबर

एक ठोकळा उडाला तो थेट फ्रिजवर, पोचा पडला. कॅलेंडरचा चुंबक खाली पडला आणि फुटला. त्याच्यावर भामाने डॉक्टरांची तारीख अडकवून ठेवली होती. सहा नोव्हेंबर, सकाळी दहा, पेसमेकरची तपासणी. चिठ्ठी वहीत ठेवली.

जेवण: भात, सेतुरामच्या बायकोने दिलेलं सांबार. ती म्हणाली, अम्मा कधी येणार. म्हटलं, चार दिवसांत.

११ सप्टेंबर

मोठा निर्णय. यापुढे या मांडणीला गुरुमूर्ती रचना म्हणायचं. घरातल्या हृदयरोग्यासाठी हिचा वापर आजवर कोणी केलेला नाही. इंग्रजीत दोन पानांचा लेख लिहून एका परदेशी मासिकाला ईमेल केला. खाली नाव: के. गुरुमूर्ती राव, तंजावूर.

शांभवीला वाचून दाखवला. ती म्हणाली, अप्पा, हे पन्नास वर्षांपूर्वीच अमेरिकेत कोणीतरी केलंय, कॉलेजच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, त्याच्या बायकोला पेसमेकर होता का? मग म्हणाली, अप्पा, तुम्ही अम्माला एकदा विचारा ना, तिला काय हवंय. मी म्हटलं, तेच तर करतोय, तिच्यासाठीच चाललंय हे सगळं. तिने फोन ठेवला. मुलांना बापाचं काम कळत नाही.

१९ सप्टेंबर

भामाचा फोन, आपणहून! नवरात्रात कोलू मांडायला येते म्हणाली. बाहुल्या इथे माळ्यावर आहेत आणि या घरात नऊ दिवस पायऱ्यांवर बाहुल्या नाहीत असं एकही वर्ष गेलेलं नाही. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, ते मोडवत नाही, म्हणाली.

येते आहे! बावीसला सकाळी. म्हणजे फळी एकवीसला पूर्ण. उरल्या दोन ओळी. झोपायचं नाही असं नाही, पण कमी झोपायचं.

माळ्यावरून बाहुल्यांची पेटी मीच काढून ठेवली. वरच मागच्या वर्षी मान मोडलेला राजा होता, त्याची मानही चिकटवली. याच गोंदाने.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी ७

पूर्ण! पाच ओळी, पंचेचाळीस ठोकळे, पार्टिशनला चार स्क्रू. माझ्या बाजूने कंपास धरला, सुई गरगर फिरली. पाठीच्या बाजूने मोजलं नाही, कारण तिथे शून्य असणार हे ठाऊकच आहे.

घर झाडलं. खाटेवर नवी चादर. अंगणात रांगोळीचा कोलम घालून पाहिला, ठिपके चुकले. पाण्याने पुसला. भामा आल्यावर घालेल.

२२ सप्टेंबर

आली. बॅग लहान आहे. ते ठीक, इथे कपाट आहेच.

सकाळभर बाहुल्या मांडल्या. राजाची मान बघून म्हणाली, बरी बसवलीत. मी दोनदा वदवून घेतलं. तिने उडदाच्या पिठाची डांगरपचडी केली. बहुत दिवसांनी पोटभर जेवलो. ती वाढताना गुणगुणत होती. मी रेडिओ बंद केला.

दुपारी तिला जरा पडायचं होतं. मी म्हटलं, थांब, आधी बघ तर, आणि तिला घेऊन तिच्या खोलीत गेलो. पार्टिशनकडे हात केला. म्हटलं, इथे शून्य.

आरशाशेजारी, माझ्या फळीच्या बरोबर मागे, प्लायवुडवर तिच्या हेअरपिना उभ्या होत्या. दहा-बारा. डबा उघडाच होता, त्यातून गेल्या असणार. काही टोकावर, काही आडव्या, एक दुसरीला लोंबकळत. जणू भिंतीला केस फुटलेत. पत्र्याचं झाकणही जाऊन बसलेलं, तिरकं.

तिने एक हात छातीपाशी नेला, त्या काडेपेटीवर, आणि दुसऱ्या हाताने एकेक पिन काढायला लागली. काढली की डब्यात. दर पिनेला टक् आवाज होत होता. झाकण शेवटी काढलं, ते जरा ओढावं लागलं. मग डबा बंद करून पिशवीत ठेवला.

म्हणाली, दिवा लावून निघते, शेवटची बस आहे. बाहुल्या दसऱ्यानंतर मीच येऊन उतरवीन, तुम्ही हात लावू नका.

डबाही नेला.

२३ सप्टेंबर

चूक सापडली. पाव फेरा उजवीकडून द्यायचा की डावीकडून, यावर ताकद कुठल्या बाजूला जाते ते ठरतं. आकृतीत डावीकडून आहे. माझ्याच हाताने काढलेली. मी प्रत्येक ठोकळा उजवीकडून फिरवला. कुंकू-विभूती लावलेलं ते, हात आपोआप प्रदक्षिणा घालत गेला. अडुसष्ट वर्षं बृहदीश्वराला ज्या बाजूने फिरलो त्याच बाजूने पंचेचाळीस ठोकळे फिरवले, आणि सगळं बळ तिच्या उशाशी नेऊन ठेवलं.

उशापासून पार्टिशन वीतभरही नाही. ती तिथे पडणार होती. मीच म्हणालो थांब, म्हणून वाचली.

आज काही करवत नाही.

२४ सप्टेंबर

तसं पाहिलं तर तत्त्व चुकलेलं नाही, फक्त दिशा. उलट हा पुरावाच आहे. एका बाजूला एवढी ताकद जमते हे सिद्ध झालं. फळी नुसती उलटी केली की काम झालं. भामाला फोन करून हे सांगितलं. ती हं म्हणाली.

६ ऑक्टोबर

काल भामा येऊन बाहुल्या उतरवून गेली. मी बाजारात होतो. मला सांगितलं असतं तर थांबलो असतो. राजाला वर्तमानपत्राऐवजी जुन्या मऊ वेष्टीत, धोतरात, गुंडाळलाय. माझीच वेष्टी.

१९ ऑक्टोबर

फळी उलटी लावली. पाठीकडून मोजलं, या वेळी खरोखर मोजलं, फोनमधल्या अ‍ॅपने, बोटाबोटावर, साठ ठिकाणी. आलेख काढला. एक बोटावर थोडं, चार बोटांवर नगण्य, वीतभरावर काहीच नाही. गंमत म्हणजे तोंडाच्या बाजूनेही हातभर अंतरावर काहीच नाही. अंतर वाढलं की बळ झपाट्याने मरतं, हे तर मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे.

हे वाक्य लिहून थोडा वेळ बसलो. का ते कळत नाही. आलेख सुंदर आलाय.

उद्या दिवाळी. भामा म्हणाली, मुलींचा कार्यक्रम आहे, येणं होणार नाही. तुम्ही या की. मी म्हटलं, आलेख शाईने काढायचाय.

२ नोव्हेंबर

संकल्प: सहा तारखेला हॉस्पिटलमध्ये भामाबरोबर मी आत जाणार. कॉरिडॉर नाही. आलेख डॉ. वासुकींना दाखवून त्यांची सही घेणार. सही बघितली की भामाला यायला हरकत राहणार नाही. बस तिथूनच थेट घरी.

मासिकाचं उत्तर आलं. दोन ओळी. नको म्हणतात. ठीक आहे, तो मुद्दाच नव्हता.

६ नोव्हेंबर, दुपारी

जसं झालं तसं लिहितो.

भामा चंद्रमतीबरोबर आली होती. तपासणीला मीही आत गेलो. डॉ. वासुकींनी भामाला आडवं केलं, ड्रॉवरमधून एक गोल, मेदुवड्यासारखा, मधे भोक असलेला चुंबक काढला आणि सरळ तिच्या छातीवर, पेसमेकरवर ठेवला.

मी ओरडलो. म्हणजे मोठ्याने बोललो. नर्स आली.

डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका सार, दर तपासणीला ठेवतो. चुंबक ठेवला की तो ठरलेल्या चालीने चालतो, उचलला की पुन्हा पूर्ववत. पडद्यावर ते दिसतही होतं. भामा छताकडे बघत होती.

भामा चंद्रमतीबरोबर गोळ्या घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी आलेख काढला. डॉक्टरांनी पाहिला. खरंच नीट पाहिला, भल्या बाई आहेत. मग म्हणाल्या, पण सार, हे सगळं कशाला? छातीपासून अर्धा फूट लांब असला की पुरे. शेजारच्या खोलीत गाडीभर ठेवा, काही होत नाही. मी म्हटलं, आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मी मॅडमना सांगितलं ना, डिस्चार्जच्या दिवशीच. त्यांनीच विचारलं होतं, घरात दुसऱ्या खोलीत पुष्कळ चुंबक आहेत, चालेल का. मी म्हटलं, खुशाल. दोनदा विचारलं त्यांनी. कागदावर तमिळमध्येही लिहून दिलंय.

आलेख घडी करून खिशात ठेवला. बाहेर भामा बाकावर बसली होती. रिपोर्ट चांगला आहे म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं. त्या दोघी तिरुवैयारुच्या बसला गेल्या आणि मी घरी आलो.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि मला? पस्तीस वर्षं शिकवलं ते मला नको ठाऊक असायला? अंतर दुप्पट तर बळ आठपट कमी. फळ्यावर दरवर्षी लिहीत असे. दहा फुटांवरच्या डब्यांचं गणित पाच मिनिटांत झालं असतं. मी केलं नाही. केलं असतं तर फळी करायला कारण उरलं नसतं. आणि ती का गेली हे विचारावं लागलं असतं.

९ नोव्हेंबर

तिरुवैयारुला गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशास लिहू. बसमध्ये वाक्यं तयार केली.

भामा घाटाच्या पायरीवर होती. शेजारी बसलो. म्हटलं, डॉक्टरांनी अर्धा फूट सांगितलं होतं. ती म्हणाली, होय. म्हटलं, तू चुंबकापासून लांब एवढंच म्हणालीस. म्हणाली, होय.

मग तीच बोलली. म्हणाली, आपल्यात बायका भांडून घर सोडत नाहीत हो, काहीतरी कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कधी कारणच नव्हतं. तुम्ही मारलं नाही, प्यायला नाहीत, कोणाला काय सांगू? डॉक्टरांनी हे अर्धा फूट दिलं, तेवढं मला पुरलं.

मी म्हटलं, मग पहिल्याच दिवशी का नाही गेलीस?

ती म्हणाली, मी बघत होते. तुम्ही सगळं उचलून बाहेर ठेवाल का बघत होते. एका दुपारचं काम. तुम्ही ठेवलं असतंत तर त्याच दिवशी खरं सांगून टाकणार होते, की गरज नाही, परत आणा आत. पंधरा दिवस वाट बघितली मी. तुम्ही म्हणालात, ते काय, कोणीही करेल.

मी तयार केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. म्हटलं, मी सगळं तुझ्यासाठीच करत होतो गं. ती म्हणाली, ठाऊक आहे. रागवून नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं.

मग मुली आल्या, क्लासची वेळ झाली. मी तिण्णैच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकलं. कोणी उठा म्हणालं नाही.

१६ नोव्हेंबर

आज सगळं काढलं. गोल, वाकडे, डबे, फळी. लाल नालसुद्धा. कॉलेजला फोन केला होता, लॅबमधली नवी बाई म्हणाली, आता सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात सार. भंगारवाल्याला दिले. चुंबक त्याच्या गाडीला चिकटून बसले, उतरवताना त्याची फजिती होणार आहे.

सुरू केलं ३.१०. संपलं ३.५०. चाळीस मिनिटं. दोनदा पाणी प्यायलो ती धरून.

भामाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, जड होतं ना, कंबर सांभाळा. जेवलात का विचारलं. क्लास सुरू व्हायचा होता म्हणून ठेवला.

रिकाम्या टेबलावर कंपास तेवढा राहिला होता. सुई थोडी हलली आणि थांबली. या खोलीत ती थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. कंपास फिरवला, टेबल सरकवलं, पार्टिशनच्या पलीकडे तिच्या खाटेवर नेऊन ठेवला. सुई तिथेच. उत्तरेला. तिरुवैयारुकडे.

पुढची बस पाच वाजता आहे. आज तिने 'या' म्हटलेलं नाही.